रस्ता वळणावर कसा कलतो



"तू नक्की काम काय करतेस?" असं सकाळपासून चार-पाच जणांनी विचारलं. रस्त्यांचे आराखडे करायच्या सॉफ्टवेअरमधला आकडेमोडीचा भाग मी लिहिते. दहा मिनिटं मिळाली आहेत, म्हणून एकच वळण सांगते. गणिताच्या बाई समोरच आहेत. कुठे घसरले तर थांबवा.

सरळ रस्ता मध्ये उंच आणि दोन्ही कडांना उतरता असतो, पाणी निघून जावं म्हणून. वळणावर मात्र बाहेरची कड उचलून सगळा रस्ता आतल्या बाजूला कलता करतात. याला सुपरएलिव्हेशन म्हणतात. किती कलवायचा? वेगाचा वर्ग करा आणि त्याला २२५ गुणिले त्रिज्येनं भागा. इंडियन रोड्स काँग्रेसचं हे सूत्र. ताशी ८० किलोमीटर वेग आणि ४५० मीटर त्रिज्या घेतली तर उत्तर येतं ६.३ टक्के. सपाट मुलखात ७ टक्क्यांच्या वर जायचं नाही.

यातला २२५ मला फार आवडतो. निव्वळ भौतिकशास्त्रानं तिथे १२७ येतो. आपल्याकडे वेगाचा पाऊण भागच धरतात, म्हणून तो २२५ होतो. कारण उघड आहे. त्याच वळणावरून बैलगाडी जाते, उसानं शिगोशीग भरलेली ट्रॉली रांगत जाते. रस्ता वेगवान गाडीच्या पूर्ण सोयीनं कलवला तर ट्रॉली आतल्या बाजूला कलंडायची. उरलेला भार टायर आणि डांबर यांच्यातल्या घर्षणावर सोडायचा.

इथवरचं काम साधा कॅल्क्युलेटरही करेल. खरी गंमत दुभाजक नसलेल्या रस्त्यावर आहे. सात मीटरच्या दुपदरी रस्त्याला अडीच टक्के उतार असेल, तर बाहेरची कड मध्यापेक्षा सुमारे ९ सेंटिमीटर खाली असते. ती पूर्ण वळणात मध्यापेक्षा २२ सेंटिमीटर वर यायला हवी. म्हणजे उचल ३१ सेंटिमीटर, आणि तीही हळूहळू: सपाट प्रदेशात १ मीटर उचलीला १५० मीटर लांबी, म्हणजे इथे साधारण ४६ मीटर. या प्रवासात एका जागी बाहेरचा अर्धा रस्ता आडवा अगदी सपाट होतो. नेमका तिथेच रस्ता लांबीतही सपाट असला, तर पाण्यानं जायचं कुठे? लांबीचा नकाशा वेगळा पाहिला तर बरोबर, आडवा छेद वेगळा पाहिला तर तोही बरोबर. म्हणून दोन्ही एकत्र तपासून लाल खूण करणारा भाग मी लिहिला.

दुसरा प्रश्न असा, की रस्ता फिरवायचा कशाभोवती? मध्यरेषेभोवती फिरवला तर आतली कड आणखी १३ सेंटिमीटर खाली जाते. काळ्या रानातून, पाणी साचणाऱ्या पट्टीतून रस्ता जात असेल, तर शेतातलं पाणी थेट डांबरावर येतं. अशा जागी आतल्या कडेभोवती फिरवतात. त्यात मध्यभाग उचलला जातो, भराव वाढतो, खर्च वाढतो. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये मध्यरेषा आधीच निवडलेली असते आणि घाईतला माणूस 'पुढे' दाबून मोकळा होतो. माझ्या भागात ती जागा मी रिकामी ठेवली आहे. निवडल्याशिवाय हिशेब पुढे सरकतच नाही.

यावरून आमच्याकडे बरीच खडाजंगी झाली. "प्रत्येक वळणाला विचारता, लोक वैतागतात," असं विक्रीवाल्यांचं म्हणणं. पावसाळ्यात त्या ओढ्यालगत पाणी कुठवर चढतं हे सॉफ्टवेअरला कोण सांगणार, असं माझं. सध्या तरी जागा रिकामीच आहे; पुढच्या आवृत्तीच्या बैठकीत हा विषय पुन्हा निघणार आहे.

लॅपटॉप आणला आहे. जेवणं झाली की ज्यांना बघायचंय त्यांना हे वळण फिरवून दाखवते. बाई, तुम्ही आधी या.