मोटारीची वाढीव हमी : घ्यावी की न घ्यावी?



पांढुर्णा आणि सौसर या दोन तालुक्यांत दसरा-दिवाळीच्या सुमारास अंबिया बहाराची संत्री उतरू लागतात, हाती पैसा खेळू लागतो, आणि वर्षभर मनात घोळत असलेला मोटारीचा विचार पुष्कळ घरांत त्याच दिवसांत पक्का होतो. मोटार पसंत करताना आपण रंग पाहतो, किंमत विचारतो, लिटरमागे ती किती धावेल याची चौकशी करतो. परंतु सर्व ठरल्यावर, कागदांवर सह्या होत असतानाच, विक्रेता आणखी एक प्रश्न विचारतो : “वाढीव वॉरंटी घ्यायची ना?” आठ-दहा लाखांच्या व्यवहारात पंधरा-वीस हजारांची रक्कम क्षुल्लक भासते. मग कोणी ‘घ्या’ म्हणतो, कोणी ‘नको’ म्हणतो. आणि दोन्ही उत्तरे बहुधा विचारावाचून दिलेली असतात. काउंटरपाशी उभे राहून जो विचार होत नाही, तो आज आपण सावकाश करू या.

नव्या मोटारीबरोबर कंपनी जी मूळ हमी देते, तिचे मोल गाडीच्या किमतीतच धरलेले असते. ही हमी वर्षे आणि किलोमीटर अशा दोन मापांनी मोजतात. उदाहरणार्थ, मारुती सुझुकी कंपनीने जुलै २०२४ मध्ये आपली मूळ हमी ३ वर्षे किंवा १ लाख किलोमीटर अशी केली आणि वेगळे पैसे भरून ती ६ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरपर्यंत वाढविण्याची सोय ठेवली. यांतील ‘किंवा’ हा शब्द लहान असला तरी फार महत्त्वाचा आहे. वर्षे आणि किलोमीटर यांपैकी जे आधी संपेल, त्या दिवशी हमी संपली, असा त्याचा अर्थ आहे.

हमी आणि विमा यांची गल्लत होऊ देता कामा नये. गाडी झाडावर आदळली, चोरीस गेली, तर तो विम्याचा विषय. गाडी उभ्या जागी बंद पडली, तिचा एखादा भाग सदोष निघाला, तर तो हमीचा विषय. यंत्राचा आपोआप झालेला बिघाड सर्वसाधारण विम्यात बसत नाही, आणि अपघाताची मोडतोड हमीत बसत नाही. म्हणजे विमा पुरेपूर उतरविला असला तरी हमीचा प्रश्न शिल्लक राहतोच.

वाढीव हमी घेताना आपण नेमके काय विकत घेतो? हा व्यवहार आपल्या मुलखाला अपरिचित नाही. फळ झाडावर असतानाच बागेचा सौदा व्यापाऱ्याशी करण्याची रीत येथे जुनी आहे. व्यापारी इसार देतो; पुढे गारपीट झाली, फळगळ झाली, भाव पडला, तर तो तोटा त्याचा. अर्थात ही जोखीम तो फुकट उचलत नाही. फळ पिकल्यावर जो भाव येण्याचा संभव असतो, त्याहून कमी दराने तो बाग मागतो. हा फरक म्हणजे जोखीम उचलण्याचा मोबदला होय. ज्याच्या घरी दोन पैसे शिल्लक आहेत तो बागायतदार थांबतो आणि फळ स्वतः बाजारात नेतो. ज्याला मुलीचे लग्न आहे किंवा सोसायटीचे कर्ज फेडावयाचे आहे, तो बाग आधीच देऊन मोकळा होतो. दोघांतला कोणीही मूर्ख नव्हे. दोघांची तोटा सोसण्याची शक्ती वेगळी आहे, म्हणून त्यांचे निर्णयही वेगळे आहेत.

वाढीव हमीचा व्यवहार याच जातीचा आहे. समजा, दहा जणांनी प्रत्येकी २०,००० रुपये भरून ती घेतली. एकूण २ लाख रुपये जमले. या रकमेत १८ टक्के वस्तू व सेवा कर समाविष्ट धरला, तर सुमारे साडेतीस हजार रुपये प्रथमच सरकारजमा झाले. उरलेल्यातून विक्रेत्याचे कमिशन, व्यवस्थेचा खर्च आणि नफा वजा होणार. आणि त्यानंतर जे राहील तेवढेच दहा गाड्यांच्या दुरुस्तीवर खर्च होणार. यावरून उघड होते की, दहांपैकी बहुतेकांना भरलेले पैसे दुरुस्तीच्या रूपाने परत मिळणार नाहीत. ‘पैसे वसूल होतील’ या आशेने हमी घेणे म्हणूनच व्यर्थ आहे. ती घ्यावयाची ती एकाच कारणासाठी : एखादा मोठा आघात आपल्याला एका वेळी सोसण्यासारखा नसेल तर.

आणि असे आघात संभवतात. स्वयंचलित गिअरची पेटी, टर्बोचार्जर, विजेवर चालणारे स्टिअरिंग, इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक, वातानुकूलन यंत्राचा कॉम्प्रेसर यांपैकी एखादा भाग गेला तर बिल पाच आकडी होते, कधी त्याहूनही वर जाते. साध्या बांधणीच्या लहान गाडीत असे भाग कमी असतात. सोयींनी भरलेल्या गाडीत अधिक. जितक्या सोयी अधिक, तितकी बिघाडाची ठिकाणेही अधिक, हे साधे गणित आहे.

आता किलोमीटरचा हिशेब पाहू. सौसरहून नागपूर सुमारे सत्तर किलोमीटर आहे. एखादे गृहस्थ कामानिमित्त महिन्यातले पंचवीस दिवस जा-ये करीत असतील, तर त्यांची गाडी वर्षाला ४२,००० किलोमीटर धावेल. १ लाख किलोमीटरची मूळ हमी त्यांच्यापुरती अडीच वर्षांच्या आतच संपेल, आणि वाढविलेली १ लाख ६० हजारांची हमीही चौथे वर्ष पुरे होण्यापूर्वी संपेल. ‘सहा वर्षे’ हे शब्द त्यांच्या कागदावर राहतील, पदरात पडणार नाहीत. तरीही सौदा वाईट ठरतो असे नाही. वीस हजारांत त्यांना साठ हजार किलोमीटरचे संरक्षण मिळाले. म्हणजे तीन किलोमीटरला एक रुपया पडला.

उलट पांढुर्ण्याच्या एखाद्या बागायतदाराची गाडी महिन्यातून दोनदा नागपूरला आणि एरवी बाग, बाजार व सोयरे-धायरे यांच्याकडे, अशी महिन्याला सातशे किलोमीटर चालते असे धरा. सहा वर्षांत ती जेमतेम पन्नास हजारांवर पोचेल. किलोमीटरची मर्यादा त्याला कधीच आडवी येणार नाही. पण वाढीव तीन वर्षांत त्याची गाडी सुमारे पंचवीस हजार किलोमीटरच चालणार. तेच वीस हजार त्याला सव्वा किलोमीटरला एक रुपया या दराने पडले. रबर, तारा आणि विजेची उपकरणे उभ्या गाडीतही जुनी होतात, हे खरे. तरी किंमत एक असली तरी माल एक नव्हे, हे ध्यानात घ्यावे.

जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. २००१ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले, त्यामागे या निबंधाचा मोठा वाटा होता. खराब निघालेल्या गाडीला अमेरिकेत ‘लिंबू’ म्हणतात. विक्रेत्याला मालाची माहिती अधिक आणि ग्राहकाला कमी असली म्हणजे बाजार कसा बिघडतो, हे त्याने या लिंबांवरून दाखविले आणि त्यावरील उपायांत हमीचाही उल्लेख केला. आपल्या प्रश्नात मात्र एक गोष्ट ग्राहकालाच अधिक ठाऊक असते. कंपनीने हमीची किंमत सर्व गाड्यांची सरासरी धरून बसविलेली असते; आपली गाडी कोणत्या रस्त्यावर आणि किती धावणार, हे केवळ आपल्यालाच माहीत असते. आपण त्या सरासरीच्या पलीकडे आहोत की अलीकडे, एवढे जरी ठरविले तरी निम्मा निर्णय झाला.

उरलेला निम्मा कागदात असतो. हमीपत्रात काय दिले आहे यापेक्षा काय वगळले आहे, ते आधी वाचावे. क्लचची तबकडी, ब्रेकचे पॅड, टायर, वायपर, बल्ब हे झिजणारे भाग सामान्यतः वगळलेले असतात. सौसरहून छिंदवाड्याला जाताना सिल्लेवानीचा घाट वारंवार चढणाऱ्याचा क्लच लवकर झिजला, तर तो खर्च त्याचाच. पावसाळ्यात जाम नदीचे पाणी रस्त्यावर आले असता त्यात गाडी घातली आणि इंजिनात पाणी शिरले, तर हमी उपयोगी पडत नाही; त्यासाठी विम्यातच इंजिनाचे जादा संरक्षण घ्यावे लागते. गोठ्याशेजारी उभ्या केलेल्या गाडीच्या तारा उंदरांनी कुरतडल्या, बाहेरून गॅसचे किट बसविले, कंपनीची मान्यता नसलेली विजेची उपकरणे जोडली, तरी हमीवर पाणी सोडावे लागण्याचा संभव असतो. गाडी भाड्याने चालवावयाची असेल तर तिच्या अटी वेगळ्या असतात, त्या स्वतंत्र विचाराव्यात.

सर्वांत महत्त्वाची अट सर्व्हिसिंगची. ते ठरल्या मुदतीत, अधिकृत कार्यशाळेतच करावे आणि प्रत्येक बिल जपून ठेवावे, अशी ही अट असते. म्हणून आपल्या गाडीच्या कंपनीची अधिकृत कार्यशाळा गावात आहे, की नागपूर, छिंदवाडा अथवा बैतूल येथे जावे लागणार, हे आधी विचारावे. गावचा ओळखीचा मिस्त्री कितीही कुशल असला तरी त्याच्या हातचे काम हमीच्या हिशेबात धरले जात नाही. अधिकृत सर्व्हिसिंगला जो जादा खर्च येतो आणि जो दिवस मोडतो, तोही वाढीव हमीच्या किमतीतच मिळवावा.

यानंतरचा प्रश्न असा की, वचन देणारा कोण? गारपीट होताच इसारावर पाणी सोडून बागेकडे न फिरकणारा व्यापारी आपण पाहिलेला आहे. वाढीव हमी कधी मोटार बनविणारी कंपनी देते, कधी विक्रेता देतो, तर कधी तिसरीच संस्था देते. गोव्यातील एका ग्राहकाने २०११ च्या मॉडेलचे पैसे भरले असता विक्रेत्याने त्याला २००९ साली बनलेली गाडी दिली. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली असा निर्णय दिला की, कंपनी आणि विक्रेता हे दोन स्वतंत्र व्यापारी असून, कंपनीला ठाऊक नसलेल्या विक्रेत्याच्या कृत्याची जबाबदारी तिच्यावर येत नाही. म्हणून पावतीवर आणि हमीपत्रावर नाव कोणाचे आहे, ते पाहून घ्यावे. त्याच न्यायालयाने २००६ साली एका मोटारीच्या वादात हेही स्पष्ट केले होते की, सदोष भाग दुरुस्त करण्याची वा बदलण्याची हमी दिली असेल, तर तिच्या आधारे संपूर्ण गाडी बदलून मागता येत नाही.

वचन मोडले गेले तर दाद मागण्याची सोय मात्र घराजवळ आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० मध्ये अमलात आला. त्यानुसार ग्राहक जेथे राहतो किंवा नोकरी-धंदा करतो, त्या जिल्ह्यासाठीच्या आयोगाकडे तक्रार करता येते. सौसर आणि पांढुर्णा मिळून २०२३ साली स्वतंत्र जिल्हा झाला. येथील ग्राहकाने गाडी सीमेपलीकडे नागपुरात घेतली असली, तरी तक्रारीसाठी त्याला महाराष्ट्रात जाण्याची सक्ती नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावयास हवी. त्याआधी सल्ला हवा असल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तो मिळतो.

दोन गोष्टी व्यवहाराच्या. पहिली अशी की, वाढीव हमी गाडी घेतानाच घेतली पाहिजे असे नाही. मूळ हमी संपण्यापूर्वी ती घेण्याची मुभा बहुधा असते. उशीर केल्यास दर वाढतो एवढेच. तो वाढीव दर किती, हे पहिल्याच दिवशी लेखी मागून घ्यावे. फरक थोडा असेल तर दोन वर्षे गाडीचा गुण पाहून मग ठरविणे शहाणपणाचे. दुसरी अशी की, ही रक्कम कर्जात मिळवू देऊ नये. वीस हजार रुपये पाच वर्षांच्या हप्त्यांत ९ टक्के व्याजाने फेडले, तर त्यांचे सुमारे २४,९०० होतात.

तर मग घ्यावी की न घ्यावी? ज्याची मिळकत महिन्याच्या महिन्याला येते, गाठी थोडी शिल्लक आहे, गाडी साधी आहे आणि धावही बेताची आहे, त्याने ती न घेता तीच रक्कम बँकेत गाडीच्या नावाने वेगळी ठेवावी. बिघाड झाला तर ती कामी येईल. न झाला तर व्याजासह आपलीच राहील. तीन वर्षांच्या आत गाडी विकण्याचा बेत असेल, तरी ती घेण्याचे विशेष कारण उरत नाही. परंतु ज्या घराची सर्व मिळकत एका-दोन बहारांवर आणि आभाळावर अवलंबून आहे, त्याचा हिशेब निराळा. फळगळीचे साल आणि गिअरच्या पेटीचे बिल एकत्र आले, तर ते घर कर्जाच्या दारी जाते. आणि या दोन गोष्टी एकाच वर्षी येणार नाहीत, असे वचन कोणीही देत नाही. अशा घराने, गाडी सोयींनी भरलेली असेल, ती पाच-सहा वर्षे ठेवावयाची असेल आणि कार्यशाळा आवाक्यात असेल, तर कंपनीची वाढीव हमी अवश्य घ्यावी, आणि पुढे एकही बिघाड झाला नाही तरी हळहळू नये.

नवी गाडी जामसावळीच्या मारुतीपुढे नेऊन नारळ फोडण्याची श्रद्धा आपल्याकडे आहे, ती असू द्यावी. मात्र तिकडे निघण्यापूर्वी घरी एक संध्याकाळ काढावी. महिन्याचे किलोमीटर, कार्यशाळेचे अंतर, वगळलेल्या भागांची यादी आणि आपल्या शिलकीचा आकडा, या चार गोष्टी कागदावर मांडून घरातल्या सर्वांसमोर वाचाव्यात. मग विक्रेत्याला ‘हो’ म्हणा किंवा ‘नको’ म्हणा. ते उत्तर तुमच्या हिशेबातून आलेले असेल.