गुणगौरवास न येणारी मुले

(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



आपली संस्था दरवर्षी गुणवंतांचा गौरव करते, ते योग्यच आहे. परंतु चाळीस टक्के मिळालेला मुलगा त्या दिवशी घरीच बसतो. त्याच्याविषयी बोलण्यास मी उभा आहे.

मानसिक विकारांपैकी सुमारे निम्म्यांची सुरुवात वयाच्या १८ वर्षांपर्यंत होते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे मात्र ‘पुढे स्थळे येणार नाहीत’ या धास्तीने दुखणे झाकले जाते. मधुमेहाची गोळी आपण चारचौघांत घेतो. मनाच्या डॉक्टरांकडे परगावी जातो, तेही लपून.

वास्तविक मनाची व्यथा आपल्या शास्त्रास अपरिचित नाही. इष्टवियोगाने, वेदनेने ग्रासलेल्या चित्तास आर्तध्यान म्हटले आहे. वैयावृत्त्य हे अभ्यंतर तप. तत्त्वार्थसूत्रातील त्याच्या दहा पात्रांत ‘शैक्ष’ आणि ‘ग्लान’, म्हणजे नवदीक्षित आणि रुग्ण साधूही आहेत. हाच सेवाभाव आपल्या मुलांपर्यंत का पोहोचू नये? एखादी मुलगी एकाएकी जेवण टाळू लागली, तर तपश्चर्या म्हणून कौतुक करण्यापूर्वी आईने तिच्याजवळ बसावे. उपदेश नको, नुसते ऐकावे.

शासनाची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, मराठीतही बोलता येते. तो आपल्या वसतिगृहाच्या फलकावर लिहावा. शिवाय आठवड्यातून एक दिवस प्रशिक्षित समुपदेशक यावेत, अशी विश्वस्तांना विनंती आहे. पहिल्या वर्षाचे मानधन आमच्या दुकानाकडून येईल.