पर्यायी कूटचलनांची पारख

बेंगळुरूच्या आग्नेयेस असलेले बेळ्ळंदूर हे एके काळी तळ्याकाठचे खेडे होते. आज बाह्य वर्तुळमार्गालगत तेथे संगणकक्षेत्रातील कंपन्यांची मोठमोठी संकुले उभी आहेत, आणि त्यांत काम करणाऱ्यांमध्ये पुणे, सोलापूर, नांदेड, कोल्हापूर अशा ठिकाणांहून आलेली मराठी मंडळीही आहेत. अशा सुशिक्षित, मिळवत्या वर्गात गेली काही वर्षे एक प्रश्न वारंवार विचारला जातो : ‘बिटकॉइन तर आता फारच महाग झाले, मग दुसरे कोणते घ्यावे?’ बिटकॉइनच्या पाठोपाठ निघालेल्या आणि त्याला पर्याय म्हणून पुढे केल्या गेलेल्या कूटचलनांना ‘ऑल्टकॉइन’, म्हणजे पर्यायी नाणी, असे नाव पडले आहे. त्यांच्या गुणदोषांचा आणि विश्वासार्हतेचा विचार हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे.

प्रश्नातील ‘महाग’ हा शब्द प्रथम बाजूला सारला पाहिजे. एका बिटकॉइनचे दहा कोटी भाग पडतात आणि त्यांतील अल्पसा अंशही विकत घेता येतो. तेव्हा ते परवडत नाही म्हणून दुसऱ्याकडे वळावे, या म्हणण्याला अर्थ राहत नाही. तसेच एखाद्या नाण्याची किंमत काही रुपयेच आहे, एवढ्यावरून ते स्वस्त ठरत नाही. एकूण नाणी किती आणि पुढे किती निघणार, हे कळल्याखेरीज एका नाण्याच्या किमतीवरून काहीच निष्कर्ष निघत नाही. बिटकॉइनची संख्या २ कोटी १० लाखांच्या पुढे जाऊ नये असा नियम आहे. डिसेंबर २०१३ मध्ये थट्टा म्हणून सुरू झालेल्या डोजकॉइनला अशी कमाल मर्यादाच नाही. दर वर्षी सुमारे ५०० कोटी नवी नाणी त्यात भर घालतात. हे सारे त्याच्या कर्त्यांनी उघडपणे सांगितलेले आहे. गंभीर मुद्रेने निघालेल्या कित्येक नाण्यांपेक्षा हे थट्टेचे नाणे या बाबतीत अधिक प्रामाणिक म्हणावे लागेल.

अनेक चलने एकाच बाजारात नांदणे ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नाही. पेशवाईत पुण्याचा अंकुशी रुपया होता, चांदवडच्या टांकसाळीचा रुपया होता, शिवाय आसपासच्या संस्थानांची व परक्या सत्तांची नाणी होती. सराफ नाणे हाती घेई, त्याचा नाद ऐके, वजन करी, कस पाही आणि त्यानुसार बट्टा कापून घेई. ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ च्या कायद्याने आपल्या मुलुखात एकच रुपया रूढ केला, तरी मराठवाड्यात निजामाचा हाली सिक्का आणि इंग्रजी कलदार रुपया ही जोडी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालत राहिली, आणि बाजारात जाणाऱ्यास दोहोंमधील दर ठाऊक असावा लागे. या व्यवस्थेत फसवणूक पुष्कळ होती. तरीपण टांकसाळीचा मालक बुडाला तरी नाण्यातील चांदी हातात राहत असे. कूटचलनात चांदी नसते. तेथे कसोटीवर घासून पाहण्याजोगी वस्तू एकच, ती म्हणजे नियम : नाणी किती निघतील, खातेवहीत नोंद कोण करील, आणि केलेली नोंद कोणाला खोडता येईल.

बिटकॉइनची खातेवही जानेवारी २००९ मध्ये सुरू झाली. ही वही एका पेढीवर नसते. तिच्या प्रती जगभरच्या संगणकांवर असतात आणि नोंदींचे गट एकमेकांस साखळीप्रमाणे जोडलेले असतात, म्हणून तिला ‘ब्लॉकचेन’ म्हणतात. तिची आज्ञावली सर्वांना खुली असल्यामुळे ती उचलून, थोडेफार फरक करून, कोणीही आपले नाणे काढू शकतो. एप्रिल २०११ मध्ये नेमकॉइन आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लाइटकॉइन निघाले. लाइटकॉइनमध्ये नोंदींचा नवा गट दहा मिनिटांऐवजी अडीच मिनिटांनी बनतो आणि नाण्यांची मर्यादा चौपट, म्हणजे ८ कोटी ४० लाख आहे. पुढे अशा नाण्यांची संख्या हजारोंत गेली. नाणे काढणे इतके सोपे, पण त्याची वही राखणारे पहारेकरी मिळवणे अवघड, हा भेद खरेदीदाराच्या सहसा ध्यानात येत नाही.

तो ध्यानात यावा यासाठी इथेरियमचे उदाहरण उपयोगी आहे. हे जाळे जुलै २०१५ मध्ये सुरू झाले. नाण्यांच्या देवघेवीबरोबरच लहान करारनामे आज्ञावलीच्या रूपाने वहीत नोंदवावेत आणि ते आपोआप अमलात यावेत, ही त्याची कल्पना होती, आणि ती निःसंशय मोलाची होती. जून २०१६ मध्ये ‘डीएओ’ नावाच्या अशाच एका सामाईक निधीच्या करारनाम्यातील दोष हेरून कोणी तरी ३६ लाख इथर नाणी वळती केली. आता करावे काय? आज्ञावलीने जे होऊ दिले ते नियमानुसारच झाले, असे एका पक्षाचे म्हणणे; चोरी ती चोरीच, असे दुसऱ्याचे. जुलैमध्ये बहुसंख्यांनी नियम बदलून ती रक्कम परत फिरवली. ज्यांना हे मान्य झाले नाही त्यांनी जुनीच वही पुढे चालवली. तिला इथेरियम क्लासिक म्हणतात. ‘लिहिलेले कधी पुसायचे नाही’ हे तत्त्व तिने राखले खरे, पण पहारेकरी बहुतांशी पहिलीकडे गेले होते. परिणामी जानेवारी २०१९ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०२० मध्ये कोणी तरी या जाळ्याच्या निम्म्याहून अधिक गणनशक्तीवर ताबा मिळवून ताज्या नोंदी उलटवल्या आणि एकच नाणे दोनदा खर्च केले. तत्त्वाला चिकटून राहिलेल्या वहीवरच नोंदी पुसल्या जाण्याची पाळी यावी, हा प्रकार विचार करण्याजोगा आहे.

वेग हा गुणही असाच तपासून घ्यावा लागतो. सोलाना हे जाळे अतिशय जलद म्हणून नावाजले गेले. सप्टेंबर २०२१ मध्ये ते सुमारे १७ तास बंद पडले आणि संगणक चालवणाऱ्यांनी आपसांत ठरवून ते पुन्हा सुरू केले. यात लबाडी काही नव्हती. ज्यांना आपसांत ठरवून जाळे सुरू करता येते त्यांची संख्या किती आणि ते कोण, एवढेच विचारायचे.

मात्र पुढे जे प्रकार सांगायचे आहेत त्यांत गुणदोषांच्या तुलनेला जागाच नव्हती, कारण नाण्याचा भाव विकणाराच सांगत होता. २०१४ मध्ये बल्गेरियातून निघालेल्या वनकॉइनला खरीखुरी सामाईक वहीच नव्हती. कंपनी आपल्या मर्जीने भाव चढवीत गेली. अर्ध्या युरोपासून तो सुमारे ३० युरोपर्यंत नेऊन ठेवला, आणि खुल्या बाजारात ते नाणे कोठेही विकता येत नव्हते. एप्रिल २०१७ मध्ये नवी मुंबई पोलिसांनी त्याच्या प्रचारसभेवर छापा घातला. सभेला आलेले लोक नातलगांच्या आणि ओळखीच्यांच्या आग्रहाखातर आलेले असतात, हे अशा सर्वच योजनांचे लक्षण होय.

महाराष्ट्राला अधिक जवळचे प्रकरण ‘गेनबिटकॉइन’चे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत ग्राहकाने बिटकॉइन द्यावयाचे आणि त्यास अठरा महिने दरमहा दहा टक्के परतावा बिटकॉइनमध्येच मिळावयाचा, असे वचन होते. आरंभी परतावा मिळाला, आणि त्यामुळेच माणसे माणसांना घेऊन आली. २०१७ मध्ये नवे ग्राहक आटू लागले तेव्हा चालकांनी परताव्याचे नाणेच बदलले. बिटकॉइनऐवजी ‘एमकॅप’ नावाचे घरचेच एक पर्यायी नाणे त्यांनी देण्यास प्रारंभ केला. त्याची खरी किंमत बिटकॉइनच्या मानाने फारच थोडी होती. खात्यावर दिसणारा आकडा मात्र भरघोसच राहिला! पुण्यात व नांदेडात गुन्हे नोंदवले गेले, २०१८ मध्ये मुख्य सूत्रधारास अटक झाली, आणि सक्तवसुली संचालनालयाने या योजनेत गोळा झालेल्या बिटकॉइनची त्या वेळची किंमत ६,६०० कोटी रुपये असल्याचे सांगितले. सूत्रधार जानेवारी २०२२ मध्ये मरण पावला. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने देशभरातील गुन्ह्यांचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. गुंतवणूकदारांनी दिलेले चलन खरे होते आणि त्यांच्या हाती आलेले घरगुती होते. पर्यायी नाण्याचा इतका उघड उपयोग दुसरा क्वचितच सापडेल.

स्थिर नाण्यांविषयी थोडे सांगणे अवश्य आहे, कारण ‘यात चढउतार नाहीत’ या आश्वासनावर सावध माणसेही भाळतात. एका डॉलरशी भाव बांधलेल्या या नाण्यांत दोन जाती आहेत. टेराच्या स्थिर नाण्यामागे डॉलरची ठेव नव्हती. ते लूना या जोडनाण्याच्या आधाराने तोलून धरले जाई आणि त्यावर वर्षाला वीस टक्क्यांच्या आसपास व्याज मिळे. मे २०२२ मध्ये तोल गेला. तो सावरण्यासाठी लूना नाणी बेसुमार निघू लागली. त्यांची संख्या सुमारे ३५ कोटींवरून साडेसहा लाख कोटींवर गेली आणि ऐंशी डॉलरच्या घरातील भाव काही दिवसांत सेंटच्याही खाली आला. दुसऱ्या जातीत ठेव असते, पण ती आहे की नाही हे सांगणाऱ्यावर विसंबावे लागते. टेथरच्या बाबतीत अमेरिकन नियामकांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये ४ कोटी १० लाख डॉलर दंड केला. २०१६ ते २०१८ या काळातील तपासलेल्या २६ महिन्यांत पुरेशी ठेव केवळ २७.६ टक्के दिवशीच होती, असे त्यांना आढळले होते. ठेव खरी असली तरी ती कोठे आहे हेही पाहावे लागते. यूएसडीसीची ३३० कोटी डॉलरची ठेव सिलिकॉन व्हॅली बँकेत होती. मार्च २०२३ मध्ये ती बँक बुडताच नाण्याचा भाव ८८ सेंटच्याही खाली घसरला. अमेरिकन सरकारने ठेवीदारांना हमी दिल्यावर तो सावरला. सरकारांपासून मुक्त म्हणवणाऱ्या चलनाला अखेर सरकारनेच हात दिला, ही गंमत येथे नोंदवून ठेवण्यास हरकत नाही.

भारतीय खरेदीदारास आणखी एक हिशेब करावा लागतो. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ रोजी बँकांना या व्यवहारांपासून दूर राहण्यास सांगितले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बेंगळुरूतील एका व्यापारी संकुलात रोखीने नाणी घेण्यादेण्याचे यंत्र बसवले गेले, तेव्हा पोलिसांनी ते जप्त केले आणि कंपनीच्या संस्थापकांना अटक केली. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने रिझर्व्ह बँकेचे ते परिपत्रक रद्द ठरवले. २०२२ पासून नफ्यावर तीस टक्के कर आणि हस्तांतरणाच्या रकमेवर एक टक्का कपात लागू झाली. येथे महत्त्वाची गोष्ट अशी की, एका नाण्यातील तोटा दुसऱ्यातील नफ्यातून वजा करता येत नाही. समजा, एका नाण्यात एक लाख मिळाले आणि दुसऱ्यात एक लाख गेले; हाती काहीच उरले नाही, तरी उपकरासह ३१,२०० रुपये कर द्यावाच लागतो. ‘पाच-दहा नाणी थोडी थोडी घेऊन ठेवावीत, एखादे तरी लागेल’ हा सल्ला शेअरबाजारात कितीही शहाणपणाचा असो, या कायद्याखाली तो महागात पडतो. मार्च २०२३ पासून विनिमय केंद्रांना काळा पैसा प्रतिबंधक कायद्याखाली आणले गेले आहे. परंतु केंद्राची नोंदणी झाली म्हणून तेथे विकले जाणारे नाणे सरकारने पारखले आहे, असा अर्थ कोणी काढू नये.

आणि नाणे उत्तम निवडले तरी ते कोणाच्या हवाली आहे हा प्रश्न राहतोच. १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या केंद्रातून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीस गेली. चोरीस गेली ती इथेरियमच्या वहीवरील नाणी. पण केंद्राने सर्वच ग्राहकांची खाती गोठवली आणि तूट सर्वांमध्ये वाटण्याची योजना आखली. ज्यांच्याजवळ निराळ्याच वहीवरील एक्सआरपी नाणी होती, त्यांच्या नाण्यांना चोराचा हातही लागला नव्हता. अशाच एका ग्राहकाच्या अर्जावर मद्रास उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये कूटचलन ही मालमत्ता आहे असे म्हणून तिला अंतरिम संरक्षण दिले. जुलै २०२५ मध्ये कॉइनडीसीएक्स या केंद्राचे सुमारे ४ कोटी ४० लाख डॉलर गेले. कंपनीने ही हानी आपल्या गंगाजळीतून सोसली आणि ग्राहकांची नाणी सुरक्षित असल्याचे सांगितले. बेंगळुरू पोलिसांच्या तपासानुसार शिरकाव झाला तो कंपनीच्या एका कर्मचाऱ्याच्या कार्यालयीन संगणकातून, आणि त्यासाठी त्याला जोडकामाचे आमिष दाखवण्यात आले होते. बेळ्ळंदूरसारख्या वस्तीत, जेथे कार्यालयाचा संगणक घरी आणणे हा नित्यक्रम आहे, ही गोष्ट कोणाला परकी वाटू नये.

यावर उपाय म्हणून आपली नाणी केंद्रात न ठेवता स्वतःच्या किल्लीने राखावीत, असे जाणकार सांगतात. ती किल्ली म्हणजे बहुधा बारा किंवा चोवीस इंग्रजी शब्दांची ओळ असते. ती हरवल्यास नवी देणारे कार्यालय नाही, आणि ती दुसऱ्याच्या दृष्टीस पडल्यास तक्रार करून नाणी परत मिळण्याची आशा थोडी. बँकेच्या खात्यास नामनिर्देशन असते. येथे ते नसते. घरातील एकाच व्यक्तीला ते शब्द ठाऊक असतील आणि ती अकस्मात गेली, तर वहीतील नोंद तशीच राहते, सर्वांना दिसत राहते, आणि पत्नीला, मुलांना किंवा गावाकडील आईवडिलांना त्यातला एक रुपयाही काढता येत नाही.