न्यास आणि सत्य



सुविचारांची उणीव कोठेच नाही. मंदिराच्या भिंतीवर, दिनदर्शिकेच्या पानावर, दुकानात गल्ल्याच्या वर लावलेल्या तसबिरीत सत्याची थोरवी लिहिलेली असते. प्रश्न एवढाच, की ते सत्य तसबिरीतून गल्ल्यापर्यंत उतरते काय?

महात्मा गांधींनी प्रथम ईश्वराला सत्य म्हटले; पुढे क्रम उलटवून सत्यालाच ईश्वर मानले. १९३१ साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथील सभेत त्यांनी या बदलाची मीमांसा केली. ईश्वर न मानणाऱ्यालाही सत्य नाकारता येत नाही, हे त्यातील मर्म. त्यांच्यावर सखोल प्रभाव टाकणारे श्रीमद् राजचंद्र मुंबईत जवाहिरांचा व्यापार करीत, हे व्यापाऱ्यांनी विसरू नये.

जैन आचार्यांनी सत्य थेट पेढीवर आणून बसविले. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात श्रावकाच्या व्रतांचे पाच-पाच अतिचार सांगितले आहेत. कमी-अधिक माप वापरणे आणि अस्सलाच्या नावाने नक्कल खपविणे हे अचौर्याणुव्रताचे अतिचार. खोटा लेख करणे हा सत्याणुव्रताचा. गज जाऊन मीटर आला, तरी कापड ताणून मोजणारा हात तोच राहिला, तर बदलली ती केवळ पट्टी.

सत्याच्याच अतिचारांत ‘न्यासापहार’ येतो. न्यास म्हणजे ठेव. आचार्य पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धीत त्याचा सूक्ष्म अर्थ उलगडला आहे. ठेव ठेवणारा आकडा विसरून कमी मागू लागला आणि समोरच्याने ‘होय’ म्हणून तेवढेच परत केले, तरी तो दोष होय. येथे खोटा शब्द उच्चारलेला नाही. दुसऱ्याच्या विस्मरणाला मान मात्र डोलावली आहे.

बेंबळीच्या पंचक्रोशीतील शेतकरी लग्नाचा बस्ता उधारीवर नेतो आणि सोयाबीनचे पैसे आले, की दुकानाची पायरी चढतो. मध्यंतरी दिलेले पाचशे रुपये तो विसरलेला असतो. वहीत ते जमा असतात. वही एकट्या दुकानदारासमोर उघडी असते. ‘काका, पाचशे आधीच आलेत,’ हे शब्द तोंडून निघतात की नाही, एवढ्यावर साऱ्या प्रवचनांची परीक्षा होते. अनेकांत ही सत्य वाकविण्याची सवलत नव्हे; तीच वही शेतकऱ्याच्या बाजूनेही वाचावी, ही त्याची शिकवण आहे.

विश्वस्त संस्थेलाही ‘न्यास’च म्हणतात. पन्नास वर्षांत ज्यांनी दान दिले, त्यांतील कित्येक आज हिशेब विचारण्यास हयात नाहीत. म्हणूनच तो हिशेब अधिक काटेकोर हवा. याच जिल्ह्यातील कुंथलगिरीवर १९५५ साली आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखनापूर्वक देहाचीही ठेव परत केली. त्या भूमीतील श्रावकाला दुसऱ्याचे पाचशे रुपये जड होऊ नयेत.

जय जिनेंद्र!