चाळिशीतला विद्यार्थी आणि त्याचे घर

(वाचनालयाच्या वसंत व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



माझा परिचय करून देताना सूत्रसंचालकांनी ‘अमेरिकेत उच्च शिक्षण घेतलेल्या’ असा उल्लेख केला. त्यात एक दुरुस्ती आरंभीच करते. मी तेथे घेतलेले शिक्षण उच्च वगैरे नव्हते. २०१२ साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, मुलगी आठ वर्षांची आणि मुलगा चार वर्षांचा असताना मी कॅलिफोर्नियातील एका कम्युनिटी कॉलेजच्या संध्याकाळच्या वर्गात जाऊन बसले आणि बालशिक्षणाचे चार विषय पूर्ण केले. आज मला त्या संस्थांविषयी आणि संसार पाठीशी घेऊन तेथे शिकायला येणाऱ्या माणसांविषयी बोलायचे आहे.

अमेरिकेतील शिक्षण म्हटले की आपल्याकडे हार्वर्ड, स्टॅनफर्ड ही नावे घेतली जातात. कम्युनिटी कॉलेजचे नाव आपल्या मध्यमवर्गीय घरांत क्वचितच निघते आणि निघाले तरी किंचित नाक मुरडूनच. प्रवेशपरीक्षा नाही, दोन वर्षांची पदवी, काही महिन्यांची प्रमाणपत्रे, सायंकाळचे व शनिवारचे वर्ग, असा तो कारभार. या संस्थांच्या राष्ट्रीय संघटनेच्या आकडेवारीनुसार तेथील विद्यार्थ्याचे सरासरी वय सत्तावीस-अठ्ठावीस आहे. सरासरी म्हणजे अठरा वर्षांच्या मुलाशेजारी पन्नाशीची आजीबाई बसलेली असते, हे लक्षात घ्यावे. वर्षाचे शुल्क देशभरात सरासरी सुमारे ४ हजार डॉलर. राज्याच्या चार वर्षांच्या विद्यापीठात तेच ११ हजारांच्या पुढे जाते. गरजूंना केंद्र सरकारची पेल अनुदानाची रक्कम मिळते. २०२४-२५ मध्ये तिची कमाल मर्यादा ७,३९५ डॉलर होती, म्हणजे शुल्क भागून पुस्तकांना आणि बसभाड्यालाही काही उरते.

अशा सार्वजनिक महाविद्यालयांपैकी आजही चालू असलेले सर्वांत जुने महाविद्यालय इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ साली निघाले, अवघ्या सहा विद्यार्थ्यांवर. ती सोय तरुणांसाठी होती. कुटुंबवत्सल माणूस वर्गात मोठ्या संख्येने आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. परतणाऱ्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलण्याचा कायदा १९४४ मध्ये झाला आणि १९४७ पर्यंत महाविद्यालयांतील जवळजवळ निम्मे विद्यार्थी माजी सैनिक होते. त्यांतील कित्येकांना बायका होत्या, तान्ही मुले होती. विद्यापीठांनी मैदानांवर पत्र्याच्या बराकी उभारल्या, गाडीवरची फिरती घरे आणून ठेवली. बराकीबाहेर दोरीवर लंगोट वाळत आहेत आणि आत बाप गणिते सोडवीत आहे, हे दृश्य अमेरिकेने तेव्हा पाहिले. त्याच वर्षी, १९४७ मध्ये, राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रूढ केले.

माझ्या वर्गाकडे येते. मंगळवार आणि गुरुवार, सायंकाळी साडेसहा ते साडेनऊ. एका युनिटला ४६ डॉलर, तीन युनिटांचा एक विषय. बालवाडीत शिक्षिका म्हणून उभे राहण्यासाठी बारा युनिटे हवीत, म्हणजे ५५२ डॉलरमध्ये माझे नवे आयुष्य विकत मिळत होते. पुस्तक मात्र शुल्काहून महाग. ग्रंथालयात त्याची एक प्रत दोन तास बसून वाचायला मिळे, तीवर आम्ही चौघीजणी पाळी लावून अभ्यास करीत असू. एकजण हॉटेलातील खोल्या साफ करून थेट वर्गात येई, तिच्या हाताला साबणाचा वास असे. तिची नात ज्या बालवाडीत जात होती, तेथेच तिला शिक्षिका व्हायचे होते. वाहनतळावर तेलुगू, पंजाबी आणि मराठीही ऐकू येई. नवऱ्याच्या नोकरीमागोमाग एच-४ व्हिसावर आलेल्या, घरी अभियांत्रिकीची पदवी असलेल्या मुली त्या. या व्हिसावर शिकता येते, पण नोकरी करता येत नसे. २०१५ मध्ये त्यांतील काहींना ती मुभा मिळाली. मी स्वतः पुण्यात सहा वर्षे बँकेत नोकरी करून २००५ मध्ये तेथे गेलेली. आठ वर्षे ‘तुम्ही काय करता’ या प्रश्नाला ‘सध्या घरीच’ हे उत्तर देणे काय असते, ते या सभागृहातील पुष्कळ भगिनींना सांगावे लागणार नाही.

पहिले सेमिस्टर उत्तम गेले. त्याचे श्रेय माझे नव्हते. सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. त्या हिंगण्याच्या विद्यार्थिनी. संध्याकाळी सहा वाजले की म्हणत, “तू नीघ, कुकर मी लावते.” एके दिवशी त्यांनी मला पार्वतीबाई आठवले यांची हकिगत सांगितली. देवरुखच्या या बाई ऐन तारुण्यात विधवा झाल्या, पदरी एक मुलगा. पंचविशी उलटल्यावर त्या शिकल्या, कर्व्यांच्या संस्थेसाठी गावोगाव फिरल्या आणि पुढे १९१८ मध्ये इंग्रजी शिकण्यासाठी अमेरिकेला गेल्या. तेथे लोकांच्या घरी घरकाम करून त्यांनी आपला निर्वाह चालविला. सासूबाई म्हणाल्या, “त्यांना तिथे भांडी घासावी लागली, तुला घरातली तरी सुटली आहेत. जा आता.”

त्या भारतात परतल्या आणि तीन आठवड्यांत माझा डोलारा कोसळला. मुलाला ताप, यजमानांची रात्रीची बैठक, माझी दुसऱ्या दिवशी चाचणी. शिवाय कार्यालयात मिळालेल्या चुकीच्या सल्ल्यामुळे मी जो विषय घेतला होता, तो माझ्या बारा युनिटांत धरलाच जाणार नव्हता. मी तो अर्ध्यावर सोडला. यजमान म्हणाले, “मी मदत करतोच आहे ना?” ते खरेच करीत होते. अडचण त्या ‘मदत’ शब्दातच होती. मदत जमेल तेव्हा केली जाते, आणि माझा वर्ग तर ठरलेल्या वेळी भरत होता. तो वाद दोन दिवस चालला, त्याचे वर्णन व्यासपीठावरून करणे बरे नव्हे. शेवटी त्यांनी आपल्या कार्यालयात लेखी कळविले की मंगळवारी आणि गुरुवारी मी पाच वाजता निघेन. त्या दोन संध्याकाळी स्वयंपाक, मुलांचा गृहपाठ, तापाचे औषध, सर्व त्यांचे. मी घरात नसताना आमटीत मीठ किती पडले, याची चौकशी मी करायची नाही, ही अट त्यांनीही घातली. ती पाळणे मला वर्गातल्या परीक्षेपेक्षा कठीण गेले.

हे घरगुती पुराण सांगण्याचे कारण आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत अमेरिकेतील पदवीपूर्व विद्यार्थ्यांपैकी पाचात एकाहून किंचित अधिक जण स्वतः आईबाप असल्याचे आढळले. त्यांचा सर्वांत मोठा गट कम्युनिटी कॉलेजांत होता. त्यांचे गुण इतरांहून कमी नसतात, तरीही अभ्यासक्रम अर्ध्यावर सोडणारे त्यांच्यात अधिक. बुद्धी कमी पडत नाही. वेळ कमी पडतो, आणि मोटारीचा टायर फुटला तर तो बदलायला शंभर डॉलर नसतात. आवारात पाळणाघर चालविण्यासाठी केंद्र सरकारचे अनुदान १९९८ च्या कायद्याने सुरू झाले, पण ते सर्वत्र पुरे पडत नाही.

न्यूयॉर्कच्या नगर विद्यापीठाने २००७ पासून या गोष्टीकडे गांभीर्याने पाहिले. ‘असॅप’ या त्यांच्या योजनेत उरलेले शुल्क माफ, पुस्तके, भुयारी रेल्वेचा पास आणि वारंवार भेटणारा एक निश्चित सल्लागार, एवढेच दिले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनात तीन वर्षांत पदवी घेणाऱ्यांचे प्रमाण २२ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेल्याचे दिसले. तेथे पूर्ण वेळ शिकण्याची अट आहे, त्यामुळे माझ्यासारखीला त्यात शिरकाव कठीणच होता, हेही सांगितले पाहिजे. वॉशिंग्टन राज्याचा प्रयोग मला अधिक भावतो. २००४ पासून तेथे काही वर्गांत एकाच वेळी दोन शिक्षक उभे राहतात. एक जोडारीचे किंवा रुग्णसेवेचे काम शिकवितो, दुसरा त्याच कामाला लागणारे गणित व इंग्रजी तेथल्या तेथे पक्के करून घेतो. ‘आधी दोन वर्षे इंग्रजी सुधारा, मग या’ असे चार मुलांच्या बापाला सांगणे म्हणजे त्याला परत पाठविणेच असते.

आता जी गोष्ट सांगणार आहे, ती ऐकून कदाचित आपला उत्साह थोडा ओसरेल. विस्कॉन्सिन राज्यात जेन्सव्हिल हे साठ-पासष्ट हजार वस्तीचे शहर आहे. आपल्यापैकी ज्येष्ठांच्या खिशाला लागलेले पार्कर पेन मूळचे याच गावचे. जनरल मोटर्सचा कारखाना तेथे १९२३ पासून शेव्हरोले गाड्या बनवीत होता. २३ डिसेंबर २००८ रोजी, नाताळच्या दोन दिवस आधी, शेवटची गाडी बाहेर पडली. बेकार झालेले कामगार शेकड्यांनी तेथील ब्लॅकहॉक टेक्निकल कॉलेजात दाखल झाले. विस्कॉन्सिनमध्ये कम्युनिटी कॉलेजचे काम या टेक्निकल कॉलेजांकडे असते. आयुष्यभर यंत्रावर उभे राहिलेल्या काही माणसांना संगणक चालू कसा करायचा हेही ठाऊक नव्हते. हाताने लिहिलेला निबंध शिक्षक स्वीकारणार नाहीत, हे कळल्यावर काहींनी शाळाच सोडली. महाविद्यालयाला त्यांच्यासाठी संगणकाचे प्राथमिक वर्ग काढावे लागले.

वॉशिंग्टन पोस्टच्या पत्रकार एमी गोल्डस्टीन यांनी या शहराचा अनेक वर्षे अभ्यास करून २०१७ मध्ये ‘जेन्सव्हिल’ हे पुस्तक लिहिले. त्यांच्या पाहणीचा निष्कर्ष धक्कादायक होता. पुन्हा शिकायला गेलेल्यांची कमाई आणि नोकरीची स्थिती, न शिकता मिळेल ते काम धरणाऱ्यांहून सरासरीने वाईट निघाली. मंदीच्या त्या वर्षांत ज्यांनी आधी काम धरले त्यांना जागा मिळाल्या; प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडणाऱ्यांसाठी गावात फारशा उरल्याच नव्हत्या. काही कामगारांनी तिसरा मार्ग पत्करला. जुना पगार टिकविण्यासाठी ते साडेचार तासांच्या अंतरावरील फोर्ट वेनच्या कारखान्यात जात, आठवडाभर तेथे राहत आणि शनिवार-रविवारी घरी येत. मुले बापाला फोनवर भेटत.

याच्या शेजारी नर्सिंगचे उदाहरण ठेवते. मिल्ड्रेड मॉन्टॅग या परिचर्या-शिक्षिकेने १९५१ मध्ये आपल्या प्रबंधात परिचारिकेचे शिक्षण दोन वर्षांत, सामान्य महाविद्यालयातून देता येईल अशी मांडणी केली आणि १९५२ मध्ये तिचा प्रयोग सुरू झाला. पूर्वीच्या रुग्णालयीन प्रशिक्षणात मुलींनी वसतिगृहातच राहायचे, बहुधा अविवाहित असायचे. मॉन्टॅगबाईंच्या योजनेने घरी राहणाऱ्या विवाहितेला, मुलांच्या आईला दार उघडले. दोन वर्षांची पदवी असो वा चार वर्षांची, परवाना-परीक्षा आजही एकच आहे. आणि मुख्य म्हणजे, शिक्षणाच्या दुसऱ्या टोकाला रुग्णालय उभे असते आणि त्याला माणसे हवी असतात. माझ्या बालशिक्षणाचेही तसेच झाले. पगार बेताचा, पण ज्या बालवाडीत मी प्रात्यक्षिक केले तिथेच मला नोकरी मिळाली. माझे कर्तृत्व जेन्सव्हिलच्या त्या कामगारांहून मोठे होते असे मी मुळीच मानत नाही.

आता टेनेसी राज्याने २०१८ पासून आणि मिशिगनने २०२१ पासून प्रौढांसाठी या महाविद्यालयांचे शुल्क भरण्याच्या योजना सुरू केल्या आहेत. आपल्याकडे नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून उभे आहे. शाळा अर्ध्यावर सुटलेल्यांनाही त्याने पदवीपर्यंतचा रस्ता दिला.

बोलताबोलता अध्यक्षांकडून एक चिठ्ठी माझ्याकडे आली आहे. नाव नाही. लिहिले आहे, ‘वय ४३. बारावीनंतर शिक्षण सुटले. बालवाडीचा अभ्यासक्रम करावा असे मनात आहे. घरचे म्हणतात, या वयात नोकरी कोण देणार?’

ताई, घरच्यांचा प्रश्न बरोबर आहे. तो टोमण्यात विचारला असेल तर चूक आहे, पण प्रश्न बरोबर आहे. तेव्हा घरच्यांपैकी ज्यांनी तो विचारला, त्यांनाच बरोबर घ्या आणि आपल्या भागातील चार-पाच बालवाड्यांत जाऊन थेट विचारा : कोणते प्रमाणपत्र चालते, पगार किती, वयाची अट आहे काय, पुढच्या दोन वर्षांत किती जागा निघतील. उत्तरे वहीत लिहा.  उत्तरे बरी आली, तर त्याच रात्री जेवताना दुसरा प्रश्न घ्या : आठवड्यातील कोणत्या दोन संध्याकाळी स्वयंपाक कोण करणार. नाव आणि वार ठरल्यावाचून अर्ज भरू नका.

मुक्त विद्यापीठाच्या येथल्या अभ्यासकेंद्राचा पत्ता आणि वेळ मी लिहून आणली आहे. कार्यक्रमानंतर मी वाचनकक्षाच्या दाराशी थांबते.