दारचें डाळिंब
(महोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



शिरूर व दौंड तालुक्यांतील डाळिंबाच्या बागा आपण रस्त्यानें जातां-येतां पाहतोंच. आज मी बोलणार आहें तें मात्र अंगणांतल्या एकट्या झाडाविषयीं. लालभडक फुलांची शोभाहि द्यावी आणि फळहि द्यावें, असें दुसरें झुडूप आपल्या या कोरड्या मुलुखांत माझ्या पाहण्यांत नाहीं.

पुष्कळांची तक्रार अशी कीं, झाड फुलतें पण फळत नाहीं. मग दोष मातीला, नाहीं तर शेजारणीच्या नजरेला! वास्तविक डाळिंबाचीं फुलें दोन प्रकारचीं असतात. तळाशीं फुगीर, सुरईसारखें असेल त्याचें फळ होतें. घंटेसारखें निमुळतें असेल तें गळावयाचेंच. (अहरोनाच्या झग्याच्या घेरावर डाळिंब व सोन्याची घंटा आळीपाळीनें लावावी, असें निर्गमाच्या पुस्तकांत आहे, तें वाचतांना मला हींच दोन फुलें आठवतात.)

खरी चूक पाण्याची. आपण मायेनें रोज घागर ओततों, आणि झाड बाराही महिने थोडें थोडें फुलून थकून जातें. इराणाकडे, थंडीच्या मुलुखांत, हिवाळ्यांत त्याचीं पानें झडतात. आपल्याकडे तेवढी थंडी नाहीं, म्हणून पाणी तोडून तीच विश्रांति द्यावी लागते. यालाच ताण देणें म्हणतात. आंबे बहारासाठीं डिसेंबरांत पाणी बंद करावें. मुरमाड जमिनींत ताण थोडे दिवस, काळ्या जमिनींत अधिक. पानें पिवळीं पडून गळालीं कीं हलकी छाटणी करून, आळ्यांत कुजलेलें शेणखत घालून, जानेवारीच्या सुमारास हलकें पाणी सुरू करावें. तांबूस पालवी फुटते, मागून कळ्या येतात. फळ धरल्यावर मात्र पाण्यांत खंड नको; कोरड्या झाडाला एकदम पाणी मिळालें कीं फळ तडकतें. मृग बहाराला पाऊस फुकट मिळतो खरा, पण त्या दमट हवेंत तेल्या रोग बळावतो.

वर्षांत बहार एकच धरावा. हा धडा मीं महागांत घेतला. आईनें लावलेलें झाड ‘गणेश’ जातीचें होतें. ही जात आपल्या पुण्याचीच, गणेशखिंडीच्या बागेंत डॉ. चीमा यांनीं १९३६ सालीं आळंदीच्या डाळिंबांतून निवडलेली, मऊ बियांची. लोभानें मीं त्याचे वर्षाला दोन-दोन बहार घेतले. तिसऱ्या वर्षीं फांद्या वाळल्या, आणि आईच्या हयातींतच झाड गेलें. ती कांहीं बोलली नाहीं.

तत्पूर्वीं त्याची एक गुटी मीं बांधली होती. तीच आज देवळाच्या फाटकाशेजारीं उभी आहे. येत्या डिसेंबरांत तिचें पाणी तोडावयाचें आहे. पानें गळालेलीं पाहून कोणीं दयेनें बादली ओतूं नये, एवढी विनंति.