संगणक ‘तथास्तु’ म्हणतो
(मंडळाच्या मार्गदर्शन वर्गात दिलेल्या भाषणाचं शब्दांकन)

 

घर पाहावं बांधून, असं आपले जुने लोक म्हणत. आता त्याआधी एक पायरी वाढली आहे: घर पाहावं संगणकावर काढून. इंदुरात आपण त्याला सरळ ‘नक्शा’ म्हणतो. ऑटोकॅड १९८२ मध्ये बाजारात आलं, स्केचअप २००० मध्ये. स्वीट होम थ्री-डी, लिब्रेकॅड, फ्रीकॅड ही तर फुकट मिळतात. त्यामुळे पॉलिटेक्निकला जाणारी मुलगी किंवा मुलगा घरात असला, की ‘आपला नक्शा तूच काढ’ असं ठरतं. यात वाईट काही नाही. पण मग रात्री अकरा वाजता फोन येतो, ‘काका, सगळं गायब झालं!’ नकाशांच्याच कामात दिवस घालवणाऱ्या आम्हा चौघा-पाचजणांना असे फोन नेहमीचे आहेत. म्हणून आज एकदाच सगळं सांगू या म्हटलं.

आमच्या मते या सॉफ्टवेअरमधल्या अडचणींच्या दोन जाती आहेत. काही अडचणी बोलतात आणि काही मुक्या असतात. बोलणाऱ्या अडचणींनी रात्र वाया जाते. मुक्या अडचणींनी घर वाया जातं. लोक घाबरतात मात्र पहिल्यांना.

आधी बोलणाऱ्या घेऊ. काहीही अडलं तर पुसून पुन्हा काढायला बसू नका. तीन प्रश्न क्रमानं विचारा. वस्तू फाइलमध्ये आहे का? आहे, तर पडद्यावर का दिसत नाही? पडद्यावर दिसते, तर कागदावर का येत नाही? दिसत नाही म्हणजे नाहीच, असं नसतं.

ऑटोकॅडपासून सुरुवात करू. सगळी बटणं एकदम नाहीशी झाली, तर बहुधा कंट्रोल आणि शून्य ही जोडी चुकून दाबली गेलेली असते. तीच पुन्हा दाबा. खालची कमांडची ओळ गेली, तर कंट्रोल आणि नऊ. कर्सर उड्या मारत चालतो, तर एफ-९ दाबून स्नॅप बंद करा. रेषा फक्त आडवी किंवा उभीच जाते, तर एफ-८ चालू राहिलं आहे. दुसरी वस्तू निवडली की पहिली सुटते, तर ‘पिकॲड’ शून्य झालं आहे, ते दोन करा. फाइल उघडताना नेहमीची खिडकी न येता कमांडच्या ओळीत नाव विचारलं जातं, तर ‘फाइलडिया’ एक करा. वर्तुळ अष्टकोनासारखं दिसतं, तर ‘रीजेन’ द्या. वर्तुळ बिघडलेलं नाही, फक्त दाखवणं ढोबळ झालं आहे.

भिंती पडद्यावर आहेत आणि कागदावर नाहीत, असा प्रकार झाला तर रेषा कोणत्या लेअरवर आहेत ते बघा. ‘डेफपॉइंट्स’ नावाची लेअर माप टाकताच आपोआप तयार होते आणि ती कधीच छापली जात नाही. कोणीतरी नकळत त्याच लेअरवर भिंती काढलेल्या असतात. त्या निवडून योग्य लेअरवर न्या.

हॅच भरत नाही, सीमा बंद नाही असं म्हणतं, तर ते खरं बोलतं आहे. कुठेतरी दोन रेषांची टोकं केसभर सुटलेली असतात. कोपऱ्यांवर झूम करा, ‘फिलेट’ शून्य त्रिज्येनं कोपरा जुळवा. अंदाजानं काढण्याऐवजी एफ-३ चालू ठेवून टोकाला टोक लावलं, तर ही वेळ येत नाही. आता मंजुरीसाठीचा नक्शा ऑनलाइन जमा होतो आणि संगणकच तो वाचतो. त्याला प्लॉटची सीमा बंद पॉलिलाइनमध्ये आणि ठरवून दिलेल्या लेअरवरच लागते. माणूस ‘समजून घेतो’, संगणक घेत नाही.

अक्षरांचं दुखणं तर आपलं घरचंच. ‘देवघर’ लिहिलं आणि दुसऱ्याच्या संगणकावर नुसती प्रश्नचिन्हं किंवा चौकटी दिसल्या, तर टेक्स्ट स्टाइलमध्ये एसएचएक्स फाँट आहे, त्यात देवनागरी नाही. तिथे मंगल किंवा निर्मला यूआय घ्या. आणि देवघराच्या जागी भलतीच इंग्रजी अक्षरं दिसली, तर मजकूर कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये लिहिलेला आहे आणि तो फाँट समोरच्याकडे नाही. युनिकोडमध्ये लिहा आणि बाहेर पाठवताना पीडीएफही जोडा.

फाइल जड झाली, हलेना, तर ‘पर्ज’नं न वापरलेले ब्लॉक आणि लेअर काढा, ‘ओव्हरकिल’नं एकावर एक पडलेल्या रेषा काढा. फाइल उघडतच नाही, तर आधी तिची प्रत करून बाजूला ठेवा, मग ‘रिकव्हर’ आणि त्यानंतर ‘ऑडिट’ वापरा. तरी नाही उघडली, तर त्याच फोल्डरमध्ये त्याच नावाची ‘बॅक’ फाइल असते. तिचं शेपूट बदलून डीडब्ल्यूजी करा. आधीच्या सेव्हपर्यंतचं काम परत मिळतं.

स्केचअपमध्ये दोन तक्रारी फार. पहिली, चौकोन काढला पण पृष्ठभाग तयार होत नाही. याचा अर्थ चारही कोपरे एका पातळीत नाहीत किंवा कुठे फट आहे. रेषा काढताना ती लाल, हिरवी किंवा निळी झाली का ते बघा, म्हणजे ती अक्षाला धरून चालली आहे. दुसरी, भिंत ओढली की फरशीही ओढली जाते. भिंत काढून झाल्याबरोबर तिचा ग्रुप करा. ग्रुप केलेली वस्तू शेजारणीला चिकटत नाही.

इथपर्यंतच्या अडचणी स्वतःहून ओरडून सांगतात. आता मुक्या अडचणी.

आपल्यात म्हणतात, वास्तू ‘तथास्तु’ म्हणत असते, म्हणून घरात वेडंवाकडं बोलू नये. संगणकाचं तसंच आहे. तुम्ही जे टाइप कराल त्याला तो ‘तथास्तु’ म्हणतो. चूक का, असं विचारत नाही.

पहिली मुकी अडचण एककांची. ऑटोकॅडला फूट, इंच किंवा मीटर रेषेपुरते ठाऊक नसतात. त्याला फक्त आकडा ठाऊक असतो. ४० फुटांची बाजू कोणी ४० काढतो, कोणी इंचांत ४८०, कोणी मिलिमीटरमध्ये १२१९२. तिन्ही पडद्यावर हुबेहूब सारख्या दिसतात. मग इंचांच्या नकाशात मिलिमीटरचा सोफा आणला की तो खोलीहून मोठा येतो किंवा ठिपका होतो. २५.४ पटीचा किंवा ३०४.८ पटीचा फरक दिसला की एकक चुकलं असं खुशाल समजा. ‘युनिट्स’मध्ये योग्य एकक निवडा. आणि कोणाचीही फाइल हाती आली की सगळ्यांत आधी एक दार मोजा. ३ फुटांचं दार ३६ आलं तर इंच, ९१४ च्या आसपास आलं तर मिलिमीटर, ०.९१ आलं तर मीटर.

सर्व्हेवाल्याची फाइल आली तर आणखी एक. ती बहुधा मीटरमध्ये आणि खऱ्या भौगोलिक निर्देशांकांवर असते. यूटीएम पद्धतीत आपल्या इंदूरचा उत्तरेचा आकडा २५ लाख मीटरच्या घरात जातो. मूळ बिंदूपासून इतक्या लांब सॉफ्टवेअरला बारीक काम नीट दाखवता येत नाही. हॅच तुटतं, स्केचअपमध्ये पृष्ठभाग थरथरतात. मूळ फाइल तशीच जपा, प्रतीमधला प्लॉट शून्याजवळ आणा आणि किती सरकवला ते लिहून ठेवा.

दुसरी अडचण प्लॉटची. चार बाजू मोजल्या की चौकोन ठरला, असं बहुतेकांना वाटतं. ठरत नाही. ४०, ६०, ४०, ६० फुटांच्या चार बाजूंचा काटकोनी प्लॉट २४०० चौरस फुटांचा. तोच कोपऱ्यात ८० अंशांचा झाला तर सुमारे २३६४. चारी बाजू तेवढ्याच, जागा ३६ फुटांनी कमी. जुनी इंदूरसारख्या वस्तीत काटकोनी प्लॉट मिळणं तसंही अवघडच. आणि गंमत म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये तीन बाजू काढून ‘क्लोज’ दिलं की चौथी बाजू संगणक स्वतः जोडतो. ती टेपनं मोजलेल्या चौथ्या बाजूइतकी आहे का, हे तो सांगत नाही. उपाय स्वस्त आहे: जागेवर दोन्ही कर्ण मोजा. ४० बाय ६० काटकोनी असेल तर दोन्ही कर्ण ७२ फूट सव्वा इंचाच्या आसपास येतात. ८० अंशांच्या प्लॉटमध्ये एक ६६ फूट येतो, दुसरा साडेसत्त्याहत्तरच्या वर.

तिसरी अडचण कागदाच्या स्केलची. ए-२ कागदासाठी १:१०० वर काढलेला नक्शा दुकानदारानं ए-३ वर ‘फिट’ करून छापला, की तो १:१४१ होतो. खाली मात्र १:१०० छापलेलंच राहतं. मिस्त्रीनं त्यावर पट्टी लावली, तर १० फुटांची खोली ७ फुटांच्या जरा वर मोजली जाईल. म्हणून छापताना ‘फिट’ बंद ठेवा, नकाशावर मोजपट्टी काढा. कागद लहान झाला की तीही त्याच प्रमाणात लहान होते. शिवाय ‘मोजू नका, लिहिलेलं माप धरा’ ही सूचना मिस्त्रीला वाचता येईल अशा भाषेत लिहा.

पण लिहिलेलं माप धरा म्हणायचं, तर लिहिलेलं माप खरं हवं. इथे चौथी आणि सगळ्यांत घातक अडचण येते.

मापं पूर्ण इंचांत दाखवायला सांगितली असतील, तर १० फूट पाव इंचाची खोली १० फूट दिसते. अशा चार खोल्या ओळीनं आल्या, तर तुकडे दाखवतात ४० फूट आणि एकूण माप दाखवतं ४० फूट १ इंच. मग एखाद्याला हे दिसायला बरं वाटत नाही. तो त्या मापावर दोनदा क्लिक करतो आणि हातानं ४०'-०" लिहून टाकतो. संगणक म्हणतो, तथास्तु.

त्या क्षणापासून ते माप राहत नाही, नुसतं अक्षर होतं. पुढे भिंत सहा इंच सरकवा, आकडा तोच राहणार. घरात माणसं बदलतात, विचार बदलतात, स्वयंपाकघर मोठं होतं, जिना फिरतो. बाकी सगळी मापं मुकाट्यानं बदलतात आणि हे एक जागचं हलत नाही. जिन्याच्या जागेत असं एकच माप असलं, तर शेवटची पायरी दारात येते. ते लिंटेल पडल्यावर कळतं आणि तेव्हा तोडफोडीशिवाय इलाज नसतो.

म्हणून आमचं कळकळीचं सांगणं: आकडा चुकीचा वाटला तर रेषा दुरुस्त करा, आकडा नाही. कोणाची फाइल आली, तर मापं निवडून प्रॉपर्टीजमध्ये ‘टेक्स्ट ओव्हरराइड’ हा रकाना बघा. तो रिकामा हवा. तिथे काही लिहिलेलं असेल तर पुसा, खरं माप आपोआप परत येईल. ते पाहून धक्का बसला तरी चालेल. आज पडद्यावर बसलेला बरा.

तरुण मित्रांनो, कमांड विसरल्या तर काही बिघडत नाही, त्या विचारून मिळतात. नक्शा मिस्त्रीच्या हाती देण्याआधी एवढंच करा. एक दार मोजा. दोन कर्ण जुळवा. तुकड्यांची बेरीज एकूण मापाशी ताडा. छापलेल्या कागदावर पट्टी ठेवून बघा: १:१०० असेल तर ३ मीटरची भिंत ३ सेंटिमीटर भरली पाहिजे. या कामाला अर्धा तास लागतो. ज्या घरासाठी आई-वडिलांनी भविष्य निर्वाह निधी काढला आहे आणि वीस वर्षांचा हप्ता डोक्यावर घेतला आहे, त्याच्यासाठी अर्धा तास फार नाही.

वडीलधाऱ्यांनाही एक विनंती. मुलांनी दाखवलेल्या रंगीत चित्राला लगेच ‘वा!’ म्हणू नका. चष्मा लावा, वही-पेन घ्या आणि आकड्यांची बेरीज स्वतः करा. त्यासाठी सॉफ्टवेअर यावं लागत नाही. संगणक ‘तथास्तु’ म्हणणारच आहे. ‘थांब, पुन्हा मोज’ असं म्हणणारं माणूस घरात असलं पाहिजे.

गणपती बाप्पा मोरया!